मायच्या तोंडी घातलेलं वाक्य

माझा थोरला भाऊ, दादा, फौजेत असताना गेला, त्यानंतर आमच्या घरी शाली इतक्या जमल्या की एका थंडीत मायने त्यातली एक नव्या वासराच्या पाठीवर टाकली. मरून रंगाची, जरीकाठाची शाल होती, कोपऱ्यात दुकानाचं लेबल तसंच. वासरू ती पांघरून गोठ्यात उभं होतं आणि नाना, म्हणजे आमचे वडील, दारातून बघत होते. नानांना सहसा राग येत नसे. पण त्या दिवशी ते म्हणाले की ही सत्काराची शाल आहे, गोठ्यात घालायची नाही, लोक काय म्हणतील. माय धार काढत होती. मान वर न करता तिने सांगितलं की थंडी वासराला वाजते आहे, लोकांना नाही. नानांनी शाल काढली, झटकली, घडी घालून ट्रंकेत ठेवली. संध्याकाळी माय उठली आणि दुसरी आणून टाकली.

आता मी साठी ओलांडली आहे. नाशिकला लेकीजवळ राहते. नोकरीत असेपर्यंत फोनकडे बघायला वेळ नव्हता, आता तो दिवसभर हाताशी असतो आणि त्यावर काय काय येत राहतं. परवा कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा वीरमातेचा सत्कार होता. मागे रडवणारं संगीत, बाई हात जोडून उभी, आणि निवेदक सांगतोय की या माउलीच्या डोळ्यांत पाणी नाही, कारण तिच्या डोळ्यांत अभिमान आहे. तिच्या डोळ्यांत पाणी का नाही, ते मला ठाऊक आहे. सकाळपासून तिला कुणी प्यायलाही पाणी दिलं नसेल. मी फोन पालथा घातला. निवडायला घेतलेली मेथी तशीच पडून राहिली, आणि हे लिहायला बसले. राग जुना झाला की निवतो असं म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही.

आमचं गाव देवळ्यापासून जवळ. घर गावाच्या कडेला आणि घराला लागून कांद्याची चाळ, म्हणजे उन्हाळी कांदा साठवायचं बांबूच्या भिंतींचं लांबलचक खोपटं. त्या चाळीचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, शाळेच्या वह्यांनासुद्धा असे. दुपारी माय आणि मी चाळीत बसून सडके कांदे वेगळे काढायचो. बाहेर विहिरीवरच्या मोटारीची घरघर चालू असायची, वीज गेली की ती एकदम थांबायची आणि मग गावातले सगळे आवाज ऐकू यायचे, पिठाच्या गिरणीवरची भांडणंसुद्धा. माय बागलाणातली, सटाण्याकडची. तिची बोली अहिराणी. नानांच्या घरी येऊन तिने इकडचं बोलणं उचललं होतं, पण फार आनंद झाला किंवा फार संताप आला की ती अहिराणीत शिरायची. आम्ही पोरं त्यावरूनच तिचं हवामान ओळखायचो.

दादा सगळ्यांत मोठा, मग मी, मग अशोक. दादा भरती झाला तेव्हा घरात काही रणशिंगं वाजली नव्हती. तो दोन मित्रांबरोबर नाशिकला गेला, धावला, निवडला गेला आणि परत येऊन मायला म्हणाला की आता पगार चालू होणार. त्याला गणवेशाची हौस होती हेही खरं. सुट्टीवर आला की सकाळी सकाळी बूट चकचकीत करून पारावर जाऊन बसायचा. येताना वाळलेले जर्दाळू आणायचा. आम्ही ते खाऊन आतल्या बिया दगडाने फोडायचो आणि गर खायचो. माय त्याच्यासाठी डुबुकवड्यांची आमटी करायची, तिखटजाळ, आणि तो नाक पुसत पुसत तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. तिथे वर, बर्फात, कशालाच चव लागत नाही म्हणायचा. लघवी गोठते असंही एकदा म्हणाला आणि नानांनी त्याला गप्प केलं, कारण मी तिथे बसले होते.

तो गेला ते हिवाळ्यात. आताच्यासारखं तेव्हा विमानाने घरी आणत नसत. तार आली, आणि काही दिवसांनी त्याच्या पलटणीतला एक जवान अस्थी आणि ट्रंक घेऊन आला. साताऱ्याकडचा होता, दादाच्याच वयाचा. त्याला चहा दिला तर कप हातात धरून बसला, प्यालाच नाही. मायने त्याला आत, चुलीपाशी बोलावून घेतलं आणि विचारलं की कसं झालं ते खरं सांग. त्याने खरं सांगितलं. पहाटे कडा सुटला, बर्फ तंबूवर आलं, दादा आत स्टोव्ह पेटवत होता. काढायला वेळ लागला. काढणाऱ्यांत तो स्वतः होता. त्याची बोटं काळी पडलेली मी पाहिली. सैन्याबद्दल माझ्या मनात कधी अढी राहिली नाही, त्याचं कारण तो मुलगा. त्याने एक शब्दही वाढवून सांगितला नाही. जाताना तो मायच्या पाया पडला, आणि मायने त्याला परतीच्या वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

वाढवून सांगणारे नंतर आले. त्यांचे मुख्य होते भाऊसाहेब. आमच्या भागातले पुढारी, पांढरे कपडे, आवाज असा की माइक नसतानाही शेवटच्या रांगेला ऐकू जावा. दहाव्यालाच त्यांनी भाषण केलं आणि त्यात दादाने शत्रूच्या दोन गोळ्या छातीवर झेलल्या. मी मायकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढून घेतला होता. घरी आल्यावर ती नानांना म्हणाली की त्यांना सांगा, गोळी नव्हती. नाना म्हणाले, आता एवढ्या लोकांत कुठे बोलायचं. पुढच्या कार्यक्रमात गोळ्या दोनाच्या पाच झाल्या. आणि एके दिवशी देवळ्याच्या बाजारात नाना स्वतःच कुणाला तरी सांगताना मी ऐकलं की पोराने छातीवर गोळ्या घेतल्या, पाठीवर एकही नाही.

मग सत्कार सुरू झाले. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, कुठे शाळेचं स्नेहसंमेलन, कुठे सोसायटीच्या इमारतीचं उद्घाटन. सकाळी जीप यायची. माय ठेवणीतलं पातळ नेसायची, नाना टोपी बदलायचे, आणि मी बरोबर जायचे, कारण मायला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तिथे कुठे काय आहे ते विचारायला कुणीतरी हवं. या कार्यक्रमांत काय होतं ते समोर बसणाऱ्यांना दिसत नाही. मुख्य पाहुणे उशिरा येतात. तोवर वीरमाता खुर्चीवर बसून राहते. तिला उठता येत नाही, कारण ती व्यासपीठावर आहे. तिच्या पुढ्यात पाण्याचा जग असतो, पण तो पाहुण्यांसाठी. ऊन डोक्यावर येतं. मग पाहुणे येतात, त्यांचे हार होतात, त्यांच्याबरोबर आलेल्यांचे हार होतात, आणि सरतेशेवटी तिच्या अंगावर भर दुपारी लोकरीची शाल टाकतात. फोटो काढणारा म्हणतो, जरा इकडे बघा. शाल देणारा फोटोवाल्याकडे बघतो. तिच्याकडे कुणी बघत नाही. एकदा एका गावी मायला लघवीला जायचं होतं आणि आख्ख्या शाळेत बायकांसाठी आडोसा नव्हता. मी तिला मागच्या मक्यात घेऊन गेले. परत आलो तर संयोजक आमच्यावरच चिडलेला, कारण तिचं नाव पुकारून झालं होतं.

मायच्या तोंडी ते वाक्य घातलं गेलं तो कार्यक्रम पंधरा ऑगस्टचा होता, तालुक्याच्या मैदानावर. पाऊस उघडला होता आणि उकाडा असह्य होता. पाहुण्यांची वाट बघता बघता दुपार टळली. भाऊसाहेबांची खुर्ची मायच्या शेजारी होती. मी व्यासपीठाच्या पायरीपाशी, अगदी जवळ उभी होते, म्हणून ऐकलं. माय त्यांच्याकडे थोडी झुकली आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊसाहेब, कार्यक्रम कधी सुटंल? म्हशीची धार काढायची हाय." भाऊसाहेबांनी मान डोलावली. मग ते भाषणाला उठले. बोलता बोलता थांबले, आवाज खाली आणला, आणि म्हणाले की आत्ता, या क्षणी, या माउलीने माझ्या कानात काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगितल्याशिवाय राहू शकत नाही. ती म्हणाली, भाऊसाहेब, एक गेला म्हणून काय झालं, माझा दुसरा आहे, तोही देशाला देते.

मैदान उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. अशोक त्या वर्षी बारावीला होता, कॉलेजच्या मुलांबरोबर मागे उभा होता. मुलांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. वरून तो मायकडे बघत होता आणि माय त्याच्याकडे. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. ती काहीतरी म्हणाली, पण त्या आवाजात तिचं तिला तरी ऐकू गेलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पेपरात आलं, तिच्या नावाने, अवतरणचिन्हांत. मीच तिला वाचून दाखवलं. वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. भाऊसाहेबांनी दुसरा म्हटलं होतं. दुसरी मी होते. अशोक तिसरा. पण माझी मोजणीच नव्हती. मी काही देशाला देण्याजोगी चीज नव्हते.

त्या रात्री जेवताना माय अशोकला म्हणाली की मी असं काही बोलले नाही. अशोकने ताटातून मान वर केली आणि विचारलं, "मग तिथंच का नाय सांगितलंस?" मायने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्या प्रश्नाचं उत्तर ती पुढे कितीतरी दिवस शोधत असावी.

गावाने अशोकला आपलं मानलं. वाण्याकडे गेला तर वाणी फौजी म्हणून हाक मारायचा. न्हाव्याने केस बारीक कापून दिले आणि म्हणाला, आत्तापासून सवय हवी. शाळेतले सर कवायत घ्यायला त्यालाच पुढे उभा करू लागले. तो रोज सकाळी रस्त्याने पळायला जाऊ लागला आणि दूध घालायला निघालेली माणसं सायकल थांबवून त्याला शाबासकी द्यायची. नानासुद्धा ओट्यावर बसून त्याची वाट बघायचे. नाशिकला भरती निघणार असल्याची बातमी आली, तेव्हा गावाने एक ट्रक ठरवला, आणि ट्रकमध्ये पुढची जागा अशोकची असं परस्पर ठरून गेलं.

एका दुपारी तो चाळीत माझ्याशेजारी येऊन बसला. कांदे निवडू लागला. त्याचे हात फार चपळ होते, लहानपणापासून बिघडलेले रेडिओ, पंखे खोलून बसायचा. मग म्हणाला की मला मोटार वाइंडिंगचं शिकायचं होतं, आयटीआयचा फॉर्म आणून ठेवला होता. मी म्हटलं, मग भर. तो म्हणाला, "ताई, आता नाय म्हटलं तर लोक म्हणतील भ्याला. आणि मी भ्यालोच हाय. मला रोज तो बर्फाचा तंबू दिसतो." त्याने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. चाळीच्या दुसऱ्या टोकाला माय होती. ती उठून बाहेर गेली, तेव्हा मला कळलं की तिने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन भाऊसाहेबांकडे गेली. त्यांच्या दिवाणखान्यात टीव्ही होता, त्यावर विणलेलं कापड. आमच्याशी ते वाईट वागले असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी मायला सोफ्यावर बसवलं, घरातून चहा मागवला, बिस्किटं मागवली. मायने सगळं नीट सांगितलं. मी म्हशीचं विचारलं होतं, तुम्ही वेगळं बोललात, आता पोराची अडचण झाली, तेव्हा तुम्हीच एकदा लोकांत सांगा की चूक झाली. भाऊसाहेब हसले. खरंच हसले, मायेने हसल्यासारखे. म्हणाले, "वहिनी, भाषणात असं बोलायचं असतं. लोकांना बरं वाटतं. तुमचाच मान वाढला ना?" मग त्यांनी आपल्या मुलांचं सांगितलं. मोठा धंद्यात आहे, धाकटा पुण्याला इंजिनियर होतो आहे, त्याला तिथलं पाणी मानवत नाही, सारखा आजारी पडतो, आपल्या जिवाला घोर लागून राहतो. माय ऐकत होती. चहा तिने घेतला नाही. परतताना शेतातल्या वाटेने आम्ही चालत आलो आणि सबंध वाटेत ती एकच बोलली, "त्याले घोर लागस." त्याला घोर लागतो. अहिराणीत बोलली, म्हणून मी काही विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या नव्या फाटकाचं उद्घाटन होतं. फाटकावर दादाचं नाव. बाहेरचे पाहुणे आले होते, भाऊसाहेब होतेच. मायने फीत कापली, फोटो झाला, शाल झाली. भाऊसाहेब बोलले आणि शेवटी म्हणाले की येत्या भरतीत या घरातला दुसरा वाघ निघाला आहे. अशोकला त्यांनी हात धरून वर आणलं. टाळ्या चालू असतानाच माय खुर्चीवरून उठली आणि माइकपाशी गेली. कुणी तिला अडवलं नाही. सगळ्यांना वाटलं, हात जोडून आभार मानेल. माइक भाऊसाहेबांच्या उंचीवर होता. तिने तो दोन्ही हातांनी धरून खाली ओढला.

"मन्हा पोऱ्या मी कोनले दिधा नही," ती म्हणाली. माझा मुलगा मी कुणाला दिला नाही. मग तिला बहुधा पाहुण्यांचं भान आलं आणि ती सगळ्यांना कळेल असं बोलू लागली. आवाज चढवला नाही. "तो नोकरीला गेला. हौसेनं गेला, काम चांगलं केलं. त्याच्यावर बर्फ पडलं. गोळी नाय. ज्यानं त्याला बर्फातून काढला त्यानं माझ्या चुलीपाशी बसून सांगितलंय. बर्फानं मेला म्हणून माझा पोरगा कमी होत नाय. आणि मी दुसरा देते असं बोलले नव्हते. मी इचारलं होतं, कार्यक्रम कधी सुटंल, म्हशीची धार काढायची हाय."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. ती हसू ओसरेपर्यंत थांबली. मग भाऊसाहेबांकडे वळून म्हणाली, "भाऊसाहेब, तुमचा धाकटा पुण्याला शिकतो. त्याला शिकू द्या. मी तुमचा मागत नाय. तुम्ही माझा मागू नका."

तिचं शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत व्यासपीठावरच्या एकाने हात उंचावून भारतमातेचा जयजयकार केला. मैदानाने साथ दिली. त्याने पुन्हा केला, पुन्हा साथ आली. एका आईचा आवाज बुडवायला दुसऱ्या आईचं नाव. इतकी वर्षं झाली, तो जयजयकार कानावर पडला की मी टीव्ही बंद करते. त्यात त्या घोषणेचा दोष नाही, वापरणाऱ्याचा आहे. माय माइक धरून उभी राहिली. घोषणा संपल्या. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून, त्याच आवाजात. "तुम्ही माझा मागू नका." मग अंगावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि खाली उतरली.

नाना आमच्या आधीच घरी निघून गेले होते. ओट्यावर बसले होते, टोपी मांडीवर. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते मायला म्हणाले, "छातीवर गोळी घेतली म्हटलं की मला झोप लागायची. आता बर्फ कोनाला सांगू मी?" माय त्यांच्याशेजारी बसली. त्यांनी तिच्याशी पुढे कितीतरी दिवस धड बोलणं केलं नाही, आणि तिने ते सोसलं. मला तेव्हा नानांचाही राग आला होता. आता तेवढा येत नाही. त्यांचा सगळा आधार त्या एका खोट्यावर उभा होता आणि तो आधार काढून घेणारी त्यांचीच बायको होती. राग यायला हवा तो आधार विकायला आलेल्यांचा.

गावात दोन तट पडले म्हणावं तर तेही नाही. एकच तट होता. दुःखाने बाईचं डोकं फिरलं, असं सगळ्यांनी ठरवलं. जीप यायची बंद झाली. फाटकावरचं नाव राहिलं, पण पुढच्या वर्षी झेंडावंदनाला आम्हाला निरोप आला नाही. सगळ्यांत जास्त अशोकला भोगावं लागलं. तो दिसला की पोरं म्हशीसारखी रेकायची. पहिल्या दिवशी तो मारामारी करून आला. मायशी कित्येक महिने कामापुरतं बोलला. पण त्या प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो पळायला गेला नाही. उशिरापर्यंत झोपला होता. माय त्याच्या अंथरुणाशेजारून जाताना पायातली जोडवी वाजू नयेत म्हणून टाचांवर चालत होती. भरतीचा ट्रक गेला तेव्हा तो चाळीत होता. जूनमध्ये त्याने आयटीआयला नाव घातलं, आणि पुढची सगळी वर्षं नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यात काढली. आता त्याचं पोट सुटलं आहे, साखर वाढली आहे, जिने चढताना गुडघ्यांच्या नावाने ओरडतो. दर रविवारी फोन करून तासभर तक्रारी सांगतो. त्या सगळ्या तक्रारी मी नीट ऐकून घेते. माझ्या मोठ्या भावाला गुडघे दुखायच्या वयाला पोचताच आलं नाही.

त्याच वर्षी पावसाळा सरत आला होता तेव्हा सुरगाण्याकडचा एक जवान मुलगा सीमेवर मारला गेल्याचं कानावर आलं. मायने दुसऱ्या दिवशी भाकरी बांधल्या आणि मला म्हणाली, चल. नानांनी कुठे म्हणून विचारलं, तिने सांगितलं. ते आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आले. कळवणपर्यंत एसटी, पुढे घाटातून माणसांनी खचाखच भरलेली जीप, आणि मग भाताच्या खाचरांच्या बांधावरून पायी. डोंगराच्या उतारावर नागली पिकत आली होती. घर सापडायला अवघड गेलं नाही, कारण खाली रस्त्यावर पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. त्या बाईला न्यायला आल्या होत्या. तालुक्याच्या गावी सभा होती.

कुडाच्या भिंतींचं घर. आत अंधार आणि धुराचा वास. ती बाई मायपेक्षा बरीच तरुण होती. तिला कुणीतरी आणून दिलेलं नवं लुगडं नेसवून बसवलं होतं, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. भोवती बायका होत्या, त्या तिला सांगत होत्या की रडू नकोस, तिथे मोठी माणसं असतील. माय तिच्यासमोर जमिनीवर बसली. आपला मुलगा गेला हे एवढंच सांगितलं, शहाणपणाचं काही बोलली नाही. माझी बोली त्या बाईला नीट कळत नव्हती आणि तिची मला, पण मायची अहिराणी आणि तिची कोकणी, म्हणजे त्या डोंगरातल्या कोकणा लोकांची बोली, कुठेतरी मध्ये भेटत असावी. मायने तिला विचारलं की तुझा पोरगा लहानपणी कसा होता.

बाईने मान वर केली. आधी वाटलं तिला प्रश्न समजला नाही. मग ती बोलू लागली, थांबत थांबत. पोसा, म्हणजे पोरगा, फार हट्टी होता. पावसात खाचरात खेकडे धरायला जायचा, किती मारलं तरी ऐकायचा नाही. एकदा खेकड्याने त्याचा अंगठा धरला. सोडेना. तर तो तसाच, अंगठ्याला लोंबणारा खेकडा घेऊन घरी आला, डोळे पाण्याने भरलेले, पण रडेना, कारण बापाने बजावलं होतं की खेकडे धरशील तर रडत येऊ नकोस. सांगता सांगता बाईला हसू आलं. तिने हाताने तोंड झाकलं, आणि भोवतीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

दारात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला बिल्ला. म्हणाला की चला, साहेब आले आहेत, उशीर होतोय. बायका लगबगीने उठल्या. ती बाईही उठायला लागली. मायने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि दाराकडे मान वळवली.

"बाहेर थांबा," ती म्हणाली. "ती सांगती हाय."

तो माणूस काहीतरी बोलणार होता, पण मायने पाठ फिरवली होती. खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. माय त्या बाईच्या आणखी जवळ सरकली आणि तिने विचारलं, मग त्या खेकड्याचं काय केलं?